वाईन ठेवावी की विकावी

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण एकच. मोठा निर्णय आहे आणि तो डोक्यावर बर्फ ठेवून घ्यायचा आहे.

विषय असा. माझ्याकडे वाईन आहे. म्हणजे घरात नाही, गावाबाहेरच्या खास गोदामात. नामांकित द्राक्षमळ्यातली लाल वाईन, आठ लाकडी पेट्या. नऊ वर्षांपूर्वी एका सेमिनारमध्ये घेतली. सल्लागाराने पडद्यावर ग्राफ दाखवला होता, रेघ डावीकडून उजवीकडे वर जात होती. अर्धे पैसे माझ्या बचतीतले, अर्धे बायकोच्या पीएफमधले. मी वाईन पीत नाही. अ‍ॅसिडिटी होते. पण गुंतवणूक पिण्यासाठी नसतेच.

आता बायको ज्या मेडिकलमध्ये फार्मसिस्ट आहे, त्याचे म्हातारे मालक निवृत्त होतायत. दुकान आधी तुलाच देईन, मार्चअखेरपर्यंत थांबतो, असं तिला म्हणाले. अकरा वर्षं तिने ते दुकान चालवलंय, मालक फक्त पेपर वाचतात. रात्री जेवताना ती म्हणाली, वाईन विकून टाकू या. मी म्हटलं, विचार करू या. ती म्हणाली, करू या नको, करा. भावनेच्या भरात निर्णय घ्यायचा नाही हा पहिला नियम.

५ फेब्रुवारी, गुरुवार
सल्लागाराला फोन. तो म्हणाला, भाव उत्तम आहे, गिऱ्हाईक तयार आहे, विका. वाईन आत्ता ऐन भरात आहे, अजून काही वर्षं राहील, मग उतरत जाईल.

विका म्हणाला याचाच अर्थ त्यात त्याचं काहीतरी आहे. ठेवा म्हणाला असता तरी मी हेच म्हटलं असतं. मला कोणी सहज फसवू शकत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार
ऑफिसात लंचनंतर तक्ता केला. डावीकडे ठेवण्याचे फायदे, उजवीकडे विकण्याचे. दोन्हीकडे सात-सात मुद्दे आले. संध्याकाळी बायकोला दाखवला, म्हटलं तुझेही मुद्दे टाक. तिने उजवीकडे 'दुकान' एवढंच लिहिलं आणि भांडी घासायला गेली.

तिचा स्वभाव विश्लेषणाचा नाही. माझं आयुष्य विमा कंपनीच्या नुकसान विभागात गेलं. आग, पाणी, गळती, पडझड. लोक ऊर बडवत असतात आणि मी शांतपणे किती गेलं ते लिहून घेतो. मला नुकसान लांबून कळतं.

१४ फेब्रुवारी, शनिवार
गोदाम बघायला गेलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा. ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा त्याच्या डोळ्याला डोळा भिडवायला नको?

मॅनेजरने काचेपलीकडून दाखवलं. आत थंडी, मंद दिवे, छतापर्यंत फळ्या. माझ्या पेट्या कुठे विचारलं तर म्हणाला, त्या वरच्या फळीवर, दुसऱ्या कोणाच्या पेट्यांच्या मागे. दिसल्या नाहीत. आत सोडा म्हटलं तर, साहेब, हात लावता येत नाही. माझ्याच मालाला मला हात लावता येत नाही! आणि नऊ वर्षं भाडं मी भरतोय.

तिथूनच सल्लागाराला फोन लावला, पेट्या घरी नेतो म्हणून. तो घाबरलाच. म्हणाला, काय वाट्टेल ते करा पण हे करू नका. गोदामातून एकदा बाहेर पडली की ती कशी ठेवली होती याची खात्री कोण देणार? भाव निम्म्यावर येईल. अख्खा धंदा विश्वासावर चालतो. मी विचारलं, म्हणजे माझ्यावर विश्वास नाही का? तो गप्प बसला. याला म्हणतात तोंड बंद करणं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
पेट्या घरी आल्या. साडूचा टेम्पो आहे, त्यानेच आणल्या. तीन मजले चढवताना त्याच्या नाकी नऊ आले. घाम पुसत त्याने विचारलं, भाऊ, एवढी दारू पिणार कोण? मी समजावलं की ही दारू नसून मालमत्ता आहे. तो म्हणाला, मालमत्ता फारच जड आहे.

वाईनला तेरा अंश लागतात. एसी फक्त बेडरूममध्ये, तोही सोळाच्या खाली जात नाही. मेकॅनिकला बोलावलं. त्याने आतली एक वायर सोडवली, दुसरी जोडली. म्हणाला, तेरा होईल, पण दिवसरात्र चालवलात तर मशीनचं काही खरं नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाला, इथे कोणी झोपतं का? मी झोपतो म्हटलं. त्याने कपाळाला हात लावला. कारागीर मंडळी सावध असतात.

कपाट हॉलमध्ये गेलं. तरी सहा पेट्यांनाच जागा झाली. उरलेल्या दोन पलंगावर, बायकोच्या बाजूला. ती सध्या हॉलमध्ये झोपते. हॉल हवेशीर आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार
पेट्या उघडून बाटल्या भिंतीशी रांगेत उभ्या केल्या. पलंगावरून लेबलं वाचता येतात. रोज सकाळी डोळे उघडले की समोर भांडवल. निर्णयाला पोषक वातावरण.

बायकोने दारात उभं राहून, शाल गुंडाळून, विचारलं: ठरलं का? म्हटलं, महिनाअखेरीस नक्की. या महिनाअखेरीस का पुढच्या? म्हटलं, याच. मी शब्दाचा पक्का आहे.

२८ फेब्रुवारी, शनिवार
महिनाअखेर. भाव वाढलाय. ज्याचा भाव वाढतोय ते विकणं वेडेपणा आहे. बायकोला हे नीट सांगितलं, मोबाइलवर ग्राफही दाखवला. सल्लागाराचं म्हणणं की तो भाव गोदामातल्या मालाचा, तुमच्या नव्हे. ते मी तिला सांगितलं नाही. आधीच डोक्याला ताप कशाला?

तिने ग्राफ शेवटपर्यंत बघितला. मग दोन बॅगा भरल्या आणि बहिणीकडे गेली. बहिणीला सोबत हवी असेल. जाताना भिंतीवरचं फार्मसीचं सर्टिफिकेट काढून घेतलं. खिळा रिकामा झाला. त्यावर थर्मामीटर बरोबर बसला.

काही वाटलं नाही. अगदी काहीच नाही. पूर्वी मी असा नव्हतो, गाडी चुकली तरी जीव खालीवर व्हायचा. ही प्रगतीच म्हणायची. गुंतवणूकदाराने भावनाशून्य असावं असं सेमिनारमध्ये सांगितलंच होतं.

४ मार्च, बुधवार
सकाळी शर्टाची बटणं लागेनात. बोटं बधिर. गरम पाण्यात बुडवली, मग लागली. ऑफिसला उशीर.

दुपारी सोफ्यांच्या दुकानात पाहणीला गेलो. पाइप फुटून सगळा माल भिजलाय. मालक टेबलावर डोकं ठेवून रडत होते. मी म्हटलं, इथे सही करा. त्यांनी मान वर करून विचारलं, तुम्हाला काहीच वाटत नाही का हो? खरं तेच सांगितलं, नाही वाटत. परतल्यावर साहेबांनी केबिनमध्ये बोलावून, तब्येत बरी आहे ना, विचारलं. म्हटलं, तेरा अंशांवर स्थिर आहे. त्यांनी दोन दिवस रजा घ्यायला सुचवलं. कामाची कदर होते आहे.

८ मार्च, रविवार
खाजगी गिऱ्हाईक. एका हॉटेलचे मालक, अंगाने भारी, आवाजाने त्याहून भारी. सल्लागारानेच पाठवले. बेडरूममध्ये शिरताच बाहेर जाऊन कोट घालून आले. बाटल्या बघून म्हणाले, उभ्या का ठेवल्या? वाईन आडवी झोपवायची असते, बूच ओलं राहायला हवं, नाहीतर सुकतं आणि हवा आत जाते. मी म्हटलं, जेमतेम पंधरा दिवस झालेत. ते म्हणाले, पंधरा दिवसांचं काही नाही हो. पण ज्याने पंधरा दिवस उभ्या ठेवल्या त्याने आणखी काय काय केलं असेल, हे मला कसं कळणार?

मग म्हणाले, वाईनचं जाऊ द्या, पेट्या देता का? हॉटेलच्या भिंतीवर छान दिसतील. मी दार दाखवलं. ते खुशीत गेले, त्यांना थंडी फार वाजत होती.

ते गेल्यावर सगळ्या बाटल्या आडव्या केल्या. आता लेबलं वाचायला मान वाकडी करावी लागते. मान धरली आहे.

१२ मार्च, गुरुवार
बायकोचा फोन. मागे दुकानातली गर्दी ऐकू येत होती. सरळ मुद्द्यावर आली. मालकांना दुसरं गिऱ्हाईक भेटलंय, ते रोख द्यायला तयार आहे. तरी मालक म्हणाले, तुझ्यासाठी वीस तारखेपर्यंत थांबतो, त्यापुढे माझा नाइलाज. वीसच्या आत होईल का, हो किंवा नाही सांगा, रागावणार नाही, म्हणाली.

हो म्हटलं. अगदी ठामपणे. तिने पुन्हा विचारलं, नक्की? नक्की. बरं, म्हणाली, आणि जेवताय ना वेळेवर, एवढं विचारून ठेवून दिला.

फोन ठेवल्यावर आनंद झाला. म्हणजे व्हायला हवा होता. बराच वेळ फोन हातात धरून बसलो, पण झाला नाही. थंडीमुळे असेल.

१५ मार्च, रविवार
निर्णय पक्का. विकायची. हॉटेलवाले नाहीत तर दुसरे. सल्लागाराला फोन करून तसं सांगितलं. तो म्हणाला, देवच पावला, उद्याच एकाला घेऊन येतो, निम्म्याहून थोडा खाली जाईल पण घेईल. आणि हो, गेल्या आठवड्यात बाजार जरा उतरलाय.

उतरलाय? मग आत्ता का विकायची? पडत्या बाजारात घाबरगुंडी उडालेले लोक विकतात. बाजार होता तिथे परत आला की त्याच दिवशी विकतो, असं सांगितलं. त्याने विचारलं, आणि नाही आला तर? अशा नकारात्मक विचारांमुळेच हा माणूस अजून सल्लागार राहिलाय.

निर्णय मात्र पक्का आहे. फक्त अंमलबजावणी बाकी.

२१ मार्च, शनिवार
काल सकाळीच वीज गेली. सगळ्या इमारतीची. खाली कसली तरी केबल जळाली म्हणे. बेडरूम तापायला लागली. पंधरा, एकोणीस, तेवीस. चादरी भिजवून बाटल्यांवर पसरल्या. सुकल्या की पुन्हा भिजवल्या. मधल्या वेळात वर्तमानपत्राने वारा घातला. दोन्ही बाजूंनी, म्हणजे कोणत्याही पेटीवर अन्याय नको. स्वतः अंघोळ नाही, जेवण नाही. फोनची बॅटरीही संपली. दिवेलागणीला वीज आली तेव्हा मी चिंब आणि एसी पूर्ण जोरात.

फोन चार्ज झाल्यावर बघितलं तर बायकोचे बरेच मिस्ड कॉल. सकाळचे, दुपारचे, संध्याकाळी एक. मग एकही नाही.

काल वीस तारीख होती हे खरं. पण वीजच नव्हती, तेव्हा ती तारीख धरता येणार नाही. आमच्या विम्यातसुद्धा अशा दिवसाला सूट असते. मालक समजूतदार वाटतात. तिला उद्या प्रत्यक्ष भेटून समजावतो.

२२ मार्च, रविवार
मेव्हणीकडे गेलो. दार तिनेच उघडलं. या म्हणाली नाही, नका येऊ असंही म्हणाली नाही. साडू मला बघून गॅलरीत गेला. बायको बाहेर आली, पाणी दिलं. हात मोकळे, बांगड्या नव्हत्या. एकूण बारीक झाल्यासारखी वाटली. माझी काळजी करत असणार.

वीज, चादरी, वर्तमानपत्र, सगळं सविस्तर सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. वाईनचं काय ठरलं, हेही विचारलं नाही. दोन महिन्यांत पहिल्यांदा! दबाव कमी झाला. दुकानाचा विषय मीच काढला, मालकांशी बोलू का म्हणून. नको, त्याचं झालं, म्हणाली. म्हणजे मुदत वाढवून मिळाली असावी. मी बोलल्याशिवायच काम झालं.

मी खोकलो. ती म्हणाली, छातीत कफ भरलाय, दाखवून घ्या कुणाला. आधी मला सरळ म्हणायची, चला, मी घेऊन जाते. मेव्हणी दाराशीच उभी होती, त्यामुळे मोकळेपणाने बोलता आलं नसेल.

२५ मार्च, बुधवार
ताप. रजा. दुपारी विचार केला, विकण्यापूर्वी माल ठीक आहे की नाही ते तपासायला हवं. नुकसान विभागाचा माणूस मी. एक बाटली फोडायची ठरवली.

बूच काढायचं यंत्र घरात नाही. स्क्रू ड्रायव्हरने बूच आत ढकललं. भिंतीवर लाल शिंतोडे. स्टीलच्या पेल्यात ओतली. नऊ वर्षं वाट पाहिलेला घोट.

चव लागली नाही. आणखी एक घोट घेतला. ओलं लागलं, एवढंच. मग मीठ चाखून बघितलं. तेही नीट कळलं नाही. वाईन बिघडली आहे की मी, हे काही ठरवता आलं नाही.

अर्धी बाटली ओतून दिली. अ‍ॅसिडिटी मात्र झाली.

२८ मार्च, शनिवार
झालं! विकली!

हॉटेलवाल्यांना मीच फोन केला. पेट्यांसकट सगळी घेतो म्हणाले. बरी निघाली तर टेबलावर, नाहीतर स्वयंपाकघरात मटणाच्या रश्शात. भाव सांगितला तो असा, की कुठल्या दुकानदाराने मला एवढं नुकसान सांगितलं असतं तर मी त्याच्यावर चौकशी बसवली असती. हो म्हटलं. एका दमात. घासाघीस नाही, तक्ता नाही. माझ्यात ही धडाडी आहे हे लोकांना माहीत नाही.

माणसं येऊन पेट्या घेऊन गेली. पलंगाची दुसरी बाजू मोकळी झाली. गादी अजून गार आहे, सुकेल. कपाट आत आणायला साडूला सांगायचं आहे.

हिशेब केला. दुकानाच्या निम्मेसुद्धा होत नाहीत. पण सुरुवात तर झाली. उरलेलं कर्ज काढू, मी जामीन राहीन. सोमवारी दुकानातच जाऊन सांगतो. चकित होईल. वाक्यं ठरवली: तुझं दुकान तुला मिळालं समज. नाही, जरा नाटकी होतं. चल, मालकांकडे जाऊ. हे बरं.

३० मार्च, सोमवार
अंगात ताप असूनही गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला, बटणं स्वतः लावली.

दुकानाच्या दारासमोर शिडी होती, वर पेंटर उभा राहून बोर्ड रंगवत होता. त्याच्या पायाखालून वाकून आत गेलो. आत गर्दी. काउंटरमागे बायको, पांढऱ्या कोटात. गल्ल्यावर मेव्हणी. म्हातारे मालक कुठे दिसले नाहीत, त्यांची पेपर वाचायची खुर्चीही नव्हती. मी रांगेत उभा राहिलो. म्हटलं, सगळ्यांसमोर नको, आपली पाळी येऊ दे.

पुढच्या बाईंना ती विचारत होती, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी वगैरे आहे का? त्यांच्या पुढच्या माणसालाही तेच विचारलं होतं. माझी पाळी आली. तिने माझ्याकडे बघितलं. ताप किती दिवस, खोकला कोरडा की ओला, विचारलं. अ‍ॅलर्जीचं नाही विचारलं. मागे वळून बरोबर तीच गोळी काढली जी मला चालते, आणि कफाची बाटली. जेवणानंतर घ्या, म्हणाली. उपाशीपोटी नाही. दोन दिवसांत उतरला नाही तर डॉक्टरकडे जा.

मी म्हटलं, वाईन विकली.

बरं झालं, म्हणाली. खरंच तसं म्हणाली, टोमणा नव्हता. पाकिटावर पेनाने दोन रेघा मारल्या, सकाळ आणि संध्याकाळ. मी म्हटलं, चल, मालकांकडे जाऊ. तिला आधी कळलंच नाही. मग हळू आवाजात म्हणाली, ते गेले मुलीकडे राहायला. एकवीस तारखेलाच सगळं झालं. ताईने अर्धे घातले, उरलेले मी बांगड्या मोडून. तुम्हाला तेव्हा सांगणारच होते, पण तुम्ही चादरींचं सांगत होतात.

माझ्या मागच्या माणसाने चिठ्ठी पुढे केली. तिने ती घेतली नाही. मला विचारलं, आणखी काही?

नाही म्हटलं. मेव्हणीला पैसे दिले, तिने ते घेतले.

बाहेर आलो तर पेंटर शिडी बाजूला घेत होता. दुकानाच्या नावाखाली मालक म्हणून बायकोचं नाव लिहिलं होतं. आडनाव माहेरचं. रंग ओला होता. रस्त्याच्या पलीकडे जाऊन पुन्हा वाचलं. तेच होतं.

मग फार वाईट वाटलं. तिथेच, फुटपाथवर, औषधाची पिशवी हातात घेऊन. लोक बाजूने जात होते. बराच वेळ वाटत राहिलं.